जुन्या डब्यात नवा प्रोसेसर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

पहिले एक घोळ मिटवून घेऊ. आमच्याकडे गावात सीपीयू म्हणजे टेबलाखालचा अख्खा काळा डबा. "भाऊ, सीपीयू आणला, पाहून द्या ना जरा" म्हणत माणूस मोटरसायकलवर दोघांच्या मधात कॅबिनेट धरून येतो. आज आपण ज्याच्याबद्दल बोलून राहिलो तो सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आतमधे मदरबोर्डवर (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मोठी पाटी) पंख्याच्या खाली दडलेला, काडेपेटीहून लहान चौकोनी तुकडा. डब्याला कॅबिनेट म्हणायची सवय लावा, नाहीतर दुकानदाराला फोनवर "सीपीयू केवढ्याचा" विचारलं की तो अख्ख्या पीसीचा भाव सांगून मोकळा होतो अन् तुम्ही इकडे हादरून बसता.

मी दारव्हा तालुक्यात, गावात ऑनलाईन कामाचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, स्कॉलरशिपचे फॉर्म, रेशनचं काहीबाही. दोन डेस्कटॉप आहेत, दोन्ही म्हातारे, दोन्हीचे प्रोसेसर मीच बदलले, मग ओळखीपाळखीच्यांचेही बदलून दिले. इंजिनीअर वगैरे काही नाही. एक बोर्ड स्वतःच्या हातानं लंगडा करून ठेवलाय, ते खाली सांगतोच.

आधी हे पहा की दुखणं प्रोसेसरचंच आहे का. दहातले सात जण "स्लो झाला, प्रोसेसर बदला" म्हणून येतात अन् खरं दुखणं हार्डडिस्कचं असतं. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सवर जा, अन् मग रोजचं काम करा, म्हणजे क्रोममधे चार टॅब उघडा, पीडीएफ उघडा, प्रिंट द्या, अन् आकडे पाहत रहा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली आणि सीपीयू वीस-तीसवर फिरून राहिला तर प्रोसेसर बदलून शष्प फरक पडणार नाही, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका अन् घरी जा. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम वाढवा. (विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकूनही ती वापरत नाही, हेही तिथंच पाहून घ्या.) सीपीयूच जर सतत ९०-१०० वर असेल, यूट्यूब लावलं की माऊस अडकत असेल, तर मग हो, पुढं वाचा.

अजून एक आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अन् टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं. म्हणजे तुमच्या जुन्या बोर्डात तुम्ही सगळ्यात भारी चिप जरी बसवली तरी मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो पीसी येत नाही. ज्यांना विंडोज ११ च पाहिजे त्यांनी या भानगडीत पैसे घालू नका. मी एका पीसीवर लिनक्स मिंट (विंडोजच्या ऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकलंय, दुसऱ्यावर जुनं विंडोजच आहे, त्याच्यावर बँकेचं काम करत नाही.

आता मुद्द्याचं. कोणता प्रोसेसर बसेल हे प्रोसेसर नाही ठरवत, मदरबोर्ड ठरवतो. म्हणून पहिले बोर्डाचं नाव काढा. सीपीयू-झेड नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं की पहिल्याच पानावर तुमचा प्रोसेसर अन् सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) दिसतं, मेनबोर्डच्या पानावर बोर्डाचं मॉडेल, चिपसेट (जी४१, एच६१ असं त्याचं नाव असतं) अन् बायोसचं (पीसी चालू होताना सगळ्यात पहिले चालणारं, बोर्डातलंच छोटं सॉफ्टवेअर) व्हर्जन. तेवढ्या पानाचा मोबाईलनं फोटो काढून ठेवा. पीसी चालूच होत नसेल तर झाकण काढून बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचा, बहुतेक वेळा रॅमच्या किंवा कार्डच्या स्लॉटच्या मधात मोठ्या अक्षरात असतं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन असतं, तेही लिहून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनची यादी वेगळी असू शकते.

गावाकडे जे डबे अजून चालू आहेत त्यात मला जास्त करून दोनच सॉकेट दिसतात. एक ७७५, म्हणजे पेंटियम ड्युअल कोर, कोर टू ड्युओवाला जमाना, जी३१ किंवा जी४१ चे बोर्ड. दुसरं ११५५, म्हणजे दुसऱ्या अन् तिसऱ्या पिढीचे आय३, आय५, बोर्ड बहुतेक एच६१. मधात कधी ११५६ येतं, ती पहिली पिढी, आणि पुढचं ११५० म्हणजे चौथी पिढी. यातलं एकही दुसऱ्यात बसत नाही. एका आकड्याचा तर फरक आहे, दाबून बसेल, असं म्हणणारे भेटलेत मला. नाही बसत बाप्पा, खाचाच वेगळ्या असतात.

पिढी ओळखायची सोपी रीत: आय५-३४७० मधे डॅशनंतरचा पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. आय३-२१०० म्हणजे दुसरी. डॅशनंतर तीनच आकडे असले, जसं आय५-६५०, तर ती पहिली. पेंटियम अन् सेलेरॉनला हा नियम लागत नाही, त्यांचं नाव सरळ शोधून पहा.

आणि इथंच लोक फसतात. सॉकेट जमलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. मोटरचा नट-बोल्ट बसला म्हणून तीन फेजची मोटर एका फेजवर फिरते का? तसंच हे. बोर्ड कंपनीच्या वेबसाईटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, त्यात प्रत्येक प्रोसेसरच्या समोर लिहिलेलं असतं की कोणत्या बायोस व्हर्जनपासून तो चालतो. ती यादी म्हणजे तुमचा सातबारा, त्यात नाव नाही तर व्यवहार नाही. दुकानदार कितीही म्हणो "चालतो ना भाऊ, गॅरंटी".

कंपनीचा तयार पीसी असेल, म्हणजे शाळेतून किंवा बँकेतून लिलावात सुटलेला, तर बोर्डाच्या नावापेक्षा त्या पीसीचं मॉडेल नाव शोधा. अशा पीसीत बायोस कंपनीचं स्वतःचं असतं, एसएमपीएसचे (आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याचे) कनेक्टरही कधी कधी वेगळेच.

माझ्या एच६१ वर आधी पेंटियम जी६३० होता, दोन कोर (कोर म्हणजे प्रोसेसरचा काम करणारा हात समजा), २.७ गिगाहर्ट्झ. यादीत आय५-३४७० होता, चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली की ३.६ पर्यंत जातो, अन् वीज ७७ वॉट. दुसऱ्या पिढीचा आय५-२४०० ही चालला असता, तो ९५ वॉटचा आहे, म्हणजे गरम जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हे अठरा वॉटही मोजावे लागतात. आय७-३७७० चार कोर आठ थ्रेडचा आहे, म्हणजे एकेक कोर दोन-दोन कामं धरतो, पण सेकंडहँडमधेही आय७ नाव पाहून भाव चढवतात, फॉर्म भरायच्या दुकानाला त्याची गरज नाही. के अक्षरवाले (त्यांचा वेग हातानं वाढवता येतो) घेऊ नका, एच६१ वर त्या के चा काही उपयोग नाही. आणि शेवटी पी असलेले, जसं आय५-३३५०पी, त्यात ग्राफिक्सच नसतं, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहते अन् तुम्हाला वाटतं चिप मेली. पुढच्या पिढ्यांमधे हेच काम एफ अक्षर करतं.

७७५ वाल्यांसाठी थोडक्यात. जी४१ असेल तर कोर टू क्वाड क्यू८४०० सारखा चार कोरवाला यादीत बहुतेक सापडतो, ९५ वॉटचा आहे. पण हे मशीन आता इतकं जुनं झालंय की चिप अगदी स्वस्तात मिळत असेल तरच करा. आणि ते ७७१ सॉकेटचे झिऑन (सर्व्हरचे प्रोसेसर) स्टिकर लावून ७७५ मधे बसवायचे व्हिडिओ पाहिले असतील तुम्ही. होतं तसं, पण त्यात सॉकेटच्या आतले उंचवटे कापावे लागतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं नको.

चिप कुठून आणायची? मी नागपूरला बर्डीवरून आणली, एसटीनं जाऊन, समोर बोर्डावर लावून चालू करून दाखव म्हटलं तर दाखवली त्यानं. ऑनलाईनही मिळतात, काढलेल्या पीसीच्या चिपा असतात, प्रोसेसर सहसा मरत नाही त्यामुळे सेकंडहँड घ्यायला भ्यायचं कारण नाही, फक्त वरच्या धातूच्या पत्र्यावर छापलेला नंबर नीट वाचा अन् खालच्या सोनेरी ठिपक्यांवर खरवडलेलं काही नाही ना पहा. तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता बायोस. हे काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं, हे डोक्यात खिळ्यासारखं ठोकून घ्या. दुसऱ्या पिढीच्या जमान्यातल्या एच६१ ला तिसरी पिढी ओळखता येत नाही, नवी चिप लावली की पंखा फिरतो अन् स्क्रीनवर काहीच येत नाही, मग परत जुनी लावा, परत पेस्ट पुसा, सगळं डबल. सपोर्ट लिस्टमधे जे व्हर्जन मागितलंय ते किंवा त्याच्या पुढचं डाऊनलोड करा, पेन ड्राईव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट करून त्यात टाका, पीसी रिस्टार्ट करून बायोसमधे जा, तिथं अपडेटचं साधन असतं, गिगाबाईटच्या बोर्डात त्याला क्यू-फ्लॅश म्हणतात, असूसमधे ईझेड फ्लॅश. विंडोजमधून अपडेट करणारं सॉफ्टवेअरही असतं, मी ते वापरत नाही, मधात विंडोज अडकली तर संपलं.

अपडेटला दोन-तीन मिनिटं लागतात आणि त्या दोन-तीन मिनिटात लाईन गेली तर बोर्ड मेला. मी हे ऐकीव नाही सांगून राहिलो. यूपीएस होता माझ्याकडे, म्हटलं काय होतं, दुपारी दोनला बसलो, साठ टक्क्यांवर लाईन गेली, यूपीएसनं एकदा टीं केलं अन् तोही गेला. त्याची बॅटरी कधीच फुगून बसली होती, मी दोन वर्षांत उघडून पाहिलं नव्हतं. पुढं बायोसची आठ पायांची चिप काढून नागपूरला प्रोग्रामरवर परत लिहून आणावी लागली, येण्याजाण्याचं भाडं अन् एक दिवस दुकान बंद. तर, यूपीएस असेल तर आधी पीसी चालू ठेवून मेन स्विच बंद करून पहा, दहा मिनिटं टिकतो का. इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. वेळ सकाळची धरा, ढग-वारा नसताना. संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज कसं नाचतं हे तुम्हाला सांगायला नको.

अपडेट झालं, पीसी जुन्या प्रोसेसरवर नीट चालू झाला, बायोसमधे नवं व्हर्जन दिसलं, की मग पेचकस हातात घ्या.

सामान फार नाही लागत. स्टार पेचकस, रंगकामाचा नवा कोरडा ब्रश, थर्मल पेस्टची (प्रोसेसरची गरमी वर पोचवणारा मलम) छोटी ट्यूब, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे थोडं मिळून जातं. सॅनिटायझर नको, त्यात चिकट काहीतरी राहतं. पेट्रोल, रॉकेल तर नकोच नको.

प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं झोपवा. थंडीत आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच वीज चिपला मारते, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावत रहायचं. सतरंजीवर, चादरीवर बसून करू नका, लाकडी टेबल बरा.

आणि पहिले सफाई करा. कापसाच्या सीझनमधे घरात गंजी लागलेली असते, त्याची रुई हिटसिंकच्या (पंख्याखालचा, प्रोसेसरची गरमी खेचणारा धातूचा ठोकळा) पात्यांमधे अशी जाते की आत गादी भरल्यासारखी. मी एका घरी पंखा काढला तर खाली फेल्टचा तुकडा निघाला, अक्षरशः, अन् प्रोसेसर बिचारा नव्वद डिग्रीवर जगून राहिला होता. त्या माणसाला प्रोसेसरची गरजच नव्हती, ब्रश मारला अन् पीसी पळायला लागला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो.

आता हिटसिंक. पंख्याची वायर कुठून निघाली त्याचा फोटो काढा, मग ती सोडा. इंटेलच्या साध्या कूलरला (म्हणजे पंखा अन् हिटसिंक मिळून) चार कोपऱ्यात चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, डोक्यावर बाण असतो, त्या बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा अन् वर ओढा. चारही सुटल्या की हिटसिंक लगेच उपटू नका. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, आधी थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवा मग उचला. एएमडीवाल्यांनी तर हे फारच जपून करा, कारण त्यांच्या एएम३, एएम४ वगैरे सॉकेटमधे पिना प्रोसेसरलाच असतात, हिटसिंक झटक्यानं ओढला की बंद लिव्हरमधूनही प्रोसेसर उपटून वर येतो, पिना वाकून. पीसी दहा मिनिटं चालवून गरम करून मग बंद करून काढला तर पेस्ट मऊ होते, हे दोन्हीला लागू.

इंटेलमधे उलटं, पिना बोर्डावर, सॉकेटमधे, केसासारख्या बारीक, शेकडो. लिव्हर खाली दाबून जरा बाजूला घ्या, वर उचला, लोखंडी झाकण उघडा, प्रोसेसर दोन बोटांनी कडेला धरून सरळ वर उचला. आता ज्या पिना उघड्या पडल्या त्यांना हात, बोट, ब्रश, फुंकर काहीही लावायचं नाही. मला एकदा त्यात धूळ दिसली अन् मी शहाणपणा करून जुन्या बनियनच्या फडक्यानं हलकेच टिपायला गेलो. धागा अडकला. तीन पिना वाकल्या, सुईनं सरळ करता करता एक तुटली. तेव्हापासून त्या बोर्डात रॅमचा एकच स्लॉट चालतो. तोच तो लंगडा बोर्ड.

नव्या चिपच्या एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तशीच खूण असते, आणि कडेला दोन खाचा. त्रिकोणावर त्रिकोण, खाचेत खाच, अन् वरून अलगद सोडून द्या. दाबायचं नाही, सरकवायचं नाही, नीट ठेवली की ती आपोआप बसते, बसत नसेल तर तुम्ही उलटी धरली आहे. मग झाकण टाका, लिव्हर खाली घ्या. इथं चांगला जोर लागतो अन् करकर आवाज येतो, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं मोडली चिप. मोडत नाही. बसण्यापर्यंत जोर शून्य, लिव्हरला मात्र जोर लागणारच.

पेस्ट. हिटसिंकच्या बुडावरची जुनी पेस्ट अल्कोहोल लावलेल्या कापडानं चकचकीत होईपर्यंत पुसा. नवी पेस्ट चिपच्या पत्र्याच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस. सोयाबीनएवढीही नको. बोटानं पसरवू नका, हिटसिंकच्या दाबानं ती पसरते. श्रीखंडासारखी थापली तर गरमी उलट अडकते अन् बाहेर बोर्डावर ओघळते ते वेगळं.

हिटसिंक बसवताना चारही खुंट्या आधी बाणाच्या उलट फिरवून पूर्ण जागेवर आणा, चारही भोकांवर नीट ठेवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन आधी दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक आवाज आला पाहिजे. बोर्डाच्या मागून पाहता आलं तर चारही काळी टोकं फाकून बाहेर आलेली दिसतात. एक जरी अर्धवट राहिली तर हिटसिंक तिरका बसतो, पाच मिनिटात पीसी बंद. ७७५ चा जुना मोठा कूलर ११५५ ला लावायचा विचार असेल तर सोडून द्या, भोकांचं अंतर वेगळं आहे, ७२ अन् ७५ मिलिमीटर. ११५५, ११५६, ११५० यांचे आपसात चालतात. पंख्याची वायर परत सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनेवरच लावा, विसरलात तर पीसी चालू होऊन आरडाओरडा करेल.

झाकण न लावता चालू करा. पहिल्या वेळी स्क्रीन यायला जरा उशीर लागतो, एखाददा स्वतःच बंद होऊन परत चालू होतो, कधी नवा सीपीयू दिसला, एफ१ दाबा असं येतं. घाबरू नका. बायोसमधे जा, प्रोसेसरचं नाव बरोबर आलं का पहा, अन् तिथंच पाच मिनिटं तापमान पाहत बसा. काहीच आलं नाही तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, रॅम काढून परत लावा, प्रोसेसरजवळचा चार पिनेचा पॉवर कनेक्टर लावलाय का पहा. दहातल्या नऊ वेळा तोच विसरलेला असतो.

तो गोल सेल, सीआर२०३२, हात घातलाच आहे तर नवीनच टाका. तो मेलेला असला की दर वेळी तारीख मागं जाते अन् मग एकही सरकारी साईट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणते, अन् लोक नेटवाल्याला शिव्या देतात.

विंडोज चालू झाल्यावर कोर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर टाका अन् अर्धा तास यूट्यूब, क्रोम सगळं एकदम चालू ठेवून पहा. साठ-सत्तर ठीक, भर उन्हाळ्यात ऐंशीपर्यंत जाऊ द्या, नव्वदच्या वर गेलं तर एखादी खुंटी नीट बसली नाही किंवा पेस्ट गडबडली. आणि पीसी खोलीतल्या कूलरच्या समोर ठेवू नका. आपल्या वाळ्याच्या कूलरची हवा ओली असते, माणसाला गार लागते पण बोर्डाला गंज चढवते. माणसं मुद्दाम पीसीवर कूलरचं तोंड फिरवून ठेवतात, गरम होऊन राहिला म्हणून.

काढलेला जुना प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा, वर चिठ्ठीवर नंबर अन् सॉकेट लिहून. माझा जी६३० असाच ड्रॉवरमधे पडून होता, मागच्या दिवाळीत शेजारच्या गावचे गुरुजी आले, त्यांच्या एच६१ मधे एकाच कोरचा सेलेरॉन जी४६० निघाला. दोन्ही दुसऱ्याच पिढीचे, बायोसला हात लावायचंही काम नाही. वीस मिनिटात बसवून दिला. गुरुजी पैसे देत होते, मी म्हटलं राहू द्या, तुरीच्या शेंगा पाठवा.